ओलोमच्या वाटेवर तीन चाकांचा माग

मित्रांनो, मी तीन चाकांची एक म्हातारी मोटारसायकल आहे. दोन चाकं माझी, तिसरं माझ्या कुशीला जोडलेल्या साइडकारचं. एकेकाळी माझा रंग गर्द हिरवा होता. आता रंग कुठे संपतो आणि गंज कुठे सुरू होतो, ते माझं मलाही सांगता येत नाही. उत्तरेकडच्या खातीन नावाच्या गावात, सरपणाच्या ढिगाला टेकून बांधलेल्या पडवीत मी उभी असते. मला जे सांगायचं आहे ते ऐकून तुमच्यापैकी काहींना भीती वाटेल. मलाही वाटली होती. पण जसं घडलं तसंच सांगते.

मी एकटी जन्मले नाही. कारखान्यात माझ्या पाठोपाठ माझी जुळी बहीण तयार झाली. आम्हा दोघींना लाकडी खोक्यांत बंद करून आधी आगगाडीने, मग सैबेरियातल्या लेना नदीवरच्या मालवाहू बोटीने आणि शेवटी बर्फावरून ट्रकने ओलोम गावी आणलं. ओलोम म्हणजे साखा लोकांचं, घोडे पाळणारं गाव. तळ्याच्या काठी लाकडी घरं, तळ्याभोवती कुरण, आणि कुरण संपलं की जंगल. खोकी फोडली तेव्हा सगळं गाव जमलं होतं. एका म्हाताऱ्याने आमच्या टाक्यांवर बोटभर लोणी चोळलं आणि तो म्हणाला, "खा बायांनो. आता तुम्ही आमच्यातल्या."

मी जोगूरच्या वाट्याला आले. जोगूर गावोगावी सिनेमा दाखवायचा. साइडकारमध्ये यंत्र, गुंडाळलेला पडदा आणि फिल्मचे डबे घालून आम्ही गवत कापणाऱ्यांच्या तळांवर जायचो. लांबून माझा आवाज आला की माणसं विळे टाकून धावत यायची. आमच्याकडे उन्हाळ्यात अंधार पडत नाही, म्हणून पडदा गोठ्यात लावायचे आणि फटी गवताने बुजवायचे. माझ्या मडगार्डवर हात फिरवल्याशिवाय कुणी आत जात नसे.

माझी बहीण मेखेलेला मिळाली. मेखेले घोड्यांचा डॉक्टर. जोगूरची थोरली बहीण बालागिया, तिचा तो नवरा. माझ्या बहिणीच्या डाव्या सिलिंडरमध्ये जन्मापासून खोट होती. काही ठोके नीट पडले की एक ठोका चुकायचा.

"तुझी गाडी लंगडते," जोगूर त्याला चिडवायचा.

"लंगडत नाही रे. विचार करते," मेखेले म्हणायचा.

तिच्या साइडकारच्या चाकाला त्याने घोड्याच्या कातड्याचं ठिगळ शिवलं होतं. मऊ मातीत त्या ठिगळाचा चौकोनी ठसा उमटत जायचा. अख्ख्या मुलखात तसा माग दुसऱ्या कुठल्या गाडीचा नव्हता.

मग एका हिवाळ्यात ओलोम बंद झालं. गावसुद्धा बंद होतं, मित्रांनो. आधी विजेचं यंत्र थांबलं, मग दुकानाला कुलूप लागलं, मग शाळेतल्या बाई गेल्या. शेवटी ट्रक आले आणि माणसं आपापली गाठोडी घेऊन वर चढली. मलाही खातीनला जाणाऱ्या एका ट्रकवर दोरांनी बांधलं. तिथून मी पाहिलं, की मेखेले रिकाम्या हातांनी उभा आहे.

"घोड्या विणार आहेत," तो बालागियाला म्हणत होता. "त्यांना टाकून कसा येऊ?"

"मग मला टाकतोस."

"तू काय विणार आहेस का?"

एरवी ती हसली असती. तेव्हा हसली नाही. तिने त्याच्या टोपीचे कान खाली ओढले आणि गाठ बांधली. "गवत कापायच्या दिवसांत येते मी. तोवर वाळून मरू नकोस."

"ये. मी वाट बघतो," तो म्हणाला.

पण बालागिया परत ओलोमला गेली नाही. जाणार होती, पण त्या उन्हाळ्यात तिला क्षय झाला आणि शहरातल्या इस्पितळात तिला खिडकीजवळची खाट मिळाली. बाहेर आली तेव्हा पहिला बर्फ पडून गेला होता. त्याच सुमारास एक शिकारी ओलोमवरून खातीनला आला. त्याने सांगितलं, की मेखेलेच्या दाराला काठी टेकवलेली आहे. आमच्याकडे दाराला काठी म्हणजे घरधनी जवळपासच गेलाय, येईल. पण आत कुणी नव्हतं. गाडी शेडमध्ये होती. घोडे रानात पांगून रानटी झाले होते. पुढे माणसं शोधायला गेली, त्यांनाही काही सापडलं नाही. कुणीतरी चुलीपाशी बसून सहज म्हणून गेलं, "वाट बघून बघून कंटाळला असेल. तिला आणायला पायीच निघाला असेल, आणि जंगलात संपला."

बोलणारा बोलून गेला. बालागियाच्या काळजात मात्र ते वाक्य कुसळासारखं रुतून बसलं. तिने मेखेलेचं काही कार्य केलं नाही. "काठी दाराला आहे ना? मग तो यायचाय," एवढंच ती म्हणायची.

वर्षं गेली. घराघरांत टीव्ही आले आणि माझा सिनेमा कुणाला नकोसा झाला. जोगूर वारला. माझ्या साइडकारमध्ये आधी गवत भरलं, मग एक कुत्री व्याली. पिल्लांनी माझ्या सीटचं कातडं कुरतडलं. पोरं येऊन आरसे काढून घेऊन गेली. मी कुणाला दोष देत नाही. चालत नाही ती गाडी म्हणजे नुसती अडगळ.

मला पुन्हा उभं केलं ते जोगूरच्या मुलीने, नारियानाने. ती हिवाळ्यात गोठलेल्या नदीवरून तेलाचा टँकर चालवते. उन्हाळ्यात नदी वाहती झाली की तिच्या हातांना काम नसतं. तिने मला सुटं केलं, रॉकेलमध्ये धुतलं आणि पुन्हा जोडलं. पहिली किक बसली आणि मी धूर सोडला, तेव्हा ती जमिनीवर बसून बराच वेळ माझ्याकडे बघत राहिली. मग तिने बापाची जुनी टोपी डोक्यावर चढवली आणि मला गावातून एक फेरी मारून आणलं.

आता त्या जून महिन्याचं सांगते.

बालागिया नारियानाच्याच घरी राहायची. नारियाना तिला 'एजी' म्हणते. आमच्यात आत्याला आणि थोरल्या बहिणीला एकच हाक आहे. एका दुपारी एजी अंगणात मासे साफ करत होती आणि मी पडवीत उभी होते. इतक्यात जंगलाच्या बाजूने मोटारसायकलचा आवाज आला. जवळ आला, फाटकापाशी थांबला आणि बंद झाला. एजीने मान वर केली. फाटकाबाहेर कुणीही नव्हतं. धूळसुद्धा उडाली नव्हती.

दुसऱ्या दिवशी तेच. मग रोज तेच. आणि मित्रांनो, तो आवाज मी ओळखला होता. काही ठोके नीट पडत आणि एक चुकत असे.

"मेखेले बोलावतोय," एजी एकदा जेवताना म्हणाली.

"एजी, तुझ्या कानात मळ झालाय," नारियाना म्हणाली.

"असेल. पण मळ लंगडत येत नाही."

नारियाना हसली. पण दुसऱ्या दिवशी तिने काम आवरून मुद्दाम दुपारी अंगणात बैठक मारली. आवाज आला, थांबला, बंद झाला. ती फाटकापर्यंत गेली, बाहेर डोकावली आणि परत आली. तिच्या हातातला पाना तिने खाली ठेवला नव्हता. त्या संध्याकाळी ती माझं तेल बदलायला बसली.

आम्ही निघालो तेव्हा साइडकारमध्ये रेनडिअरच्या कातड्यावर एजी बसली होती, तिच्या मांडीवर तंबू, पायांशी किटली, आणि मागे पेट्रोलचे डबे बांधलेले.

"बये, गाडी चालवतेस की लोणी घुसळतेस?" पहिल्याच खड्ड्यात ती ओरडली.

"उतरून चाल मग."

"चालले असते. तुझ्या आधी पोचले असते."

खिंडीत लार्चचं एक जुनं झाड आहे. तिथून जाणारा प्रत्येक जण त्याला घोड्याच्या शेपटीचे केस बांधतो. एजीने बांधले, चूल पेटवली आणि पहिली धिरडी लोण्यासकट विस्तवाला दिली. नारियानाने तंबू ठोकला. सूर्य क्षितिजाला टेकला आणि तिथेच रेंगाळत राहिला, तसा तो आमच्याकडे रेंगाळतो. डासांचे ढग उठले. धूर करण्यासाठी ओलं शेवाळ आणायला म्हणून नारियाना खिंडीच्या पलीकडे गेली आणि तशीच परत आली.

"एजी, पुढे कुणीतरी गेलंय. आपल्यासारखीच गाडी आहे."

सकाळी मीही तो माग पाहिला. पलीकडच्या उतारावर ओल्या मातीत तीन चाकांच्या रेषा होत्या, कडा अजून ढासळल्याही नव्हत्या. बाजूच्या चाकाच्या रेषेत थोड्या थोड्या अंतरावर चौकोनी ठसा होता. खिंडीच्या अलीकडे मात्र असा माग कुठेच नव्हता. जणू ती गाडी खिंडीच्या माथ्यावर आभाळातून उतरली होती.

एजीने साइडकारमधून वाकून त्या ठशावर बोट ठेवलं. नारियानाला त्या ठिगळाची गोष्ट माहीत नव्हती, म्हणून ती आपली आनंदात होती.

"बरं झालं. चिखलात अडकलो तर हाक मारायला कुणीतरी आहे."

"हाक मारायची नाही," एजी म्हणाली.

"का?"

"मी सांगते म्हणून. आणि तिकडून कुणी मारली, तर ओ द्यायची नाही. तिसऱ्यांदा मारल्याशिवाय नाही."

दिवसभर आम्ही त्या मागावरून चाललो. दलदलीतून जाणारी जुनी ट्रॅक्टरवाट आता कुणाला नीट आठवत नव्हती, पण मागाला आठवत होती. जिथे जमीन कुजकी होती तिथे तो वळसा घालायचा. जिथे ओढा उथळ होता तिथेच उतरायचा. एकदा नारियानाने जवळचा रस्ता म्हणून माग सोडला, तर मी साइडकारसकट पोटापर्यंत रुतले. दोघींनी ओंडके घालून मला बाहेर काढलं. त्या खटपटीत क्लच वायर तुटली. नारियानाने जवळची जास्तीची वायर लावली आणि मग मुकाट्याने मागावर परत आली.

दुपारनंतर एका नदीच्या वाळूत आम्हाला विझलेली चूल मिळाली. नारियानाने राखेत हात घातला आणि झटकन काढला. राख ऊबदार होती. किटली टांगायची तिरपी काठी अजून जमिनीत खोचलेली होती. एजीने ती उपटली आणि तिचं टोक बघितलं. चाकूचे काप उलट्या बाजूने उतरले होते.

"डावखुरा आहे," नारियाना म्हणाली.

"होय," एजी म्हणाली. "डावखुराच होता."

तेव्हा नारियानाने तिच्याकडे पाहिलं, आणि तिला सगळं कळलं. तिचा चेहरा उतरला. "एजी, आपण परत जाऊ."

"तू जा."

"आणि तू?"

"मला चालता येतं. काल म्हटलंच की, तुझ्या आधी पोचेन."

"मस्करी करू नकोस. तिकडे काय आहे कोण जाणे. तो माणूस नाही आता."

एजीने काठी होती तशी पुन्हा वाळूत खोचली. "पोरी, मला गावात बायका विचारतात, नवरा काय करतो. मी काय सांगू? आहे म्हणू की होता म्हणू? ना धड बायको, ना धड विधवा. आता म्हातारी झाले. उद्या मी मेले आणि तिकडेही तो नसला, तर त्याला शोधू कुठे?"

नारियानाने चूल पेटवली, पण त्या राखेपासून लांब. आम्ही तिथेच मुक्काम केला. दोघींनी माशांचं कालवण खाल्लं. त्या वेळी वरच्या अंगाच्या जंगलात माझी बहीण चालू झाली. काही ठोके नीट, एक चुकलेला. ती दूर गेली नाही आणि जवळही आली नाही. एखादी गाडी उभ्या जागी नुसती चालू ठेवावी, तसा आवाज येत राहिला. त्या दोघींचं जेवण होईपर्यंत ती थांबली असावी. भांडी घासून झाली, तेव्हा आवाज बंद झाला.

ओलोमच्या शेवटच्या चढावर माझी नवी वायरही तुटली. क्लचशिवाय सपाट रस्त्यावर गाडी कशीबशी चालवता येते. पण मागे सोडून आलेले ओढे आणि चिखल तिच्याशिवाय पार होण्यासारखे नव्हते. नारियानाने शिवी घातली, मग माझ्या टाकीवर थोपटलं. त्या दोघींनी मला माथ्यापर्यंत ढकललं आणि तिथून मी आपोआप उतरत गावात शिरले.

गावात शिरताच डास थांबले.

मित्रांनो, तुम्हाला हे साधं वाटेल. पण जुलैच्या तोंडावर आमच्या रानात डासांची गुणगुण नाही, म्हणजे कुणीतरी श्वास रोखून धरलाय. पक्षी नव्हते. वारा नव्हता. घरांची छपरं आत बसली होती आणि गवत खिडक्यांपर्यंत चढलं होतं. त्या गवतातून तीन चाकांचा माग सरळ मेखेलेच्या शेडपर्यंत गेला होता. शेडच्या दाराशी तो संपत होता.

नारियानाने दार ओढलं. आत माझी बहीण उभी होती.

तिचे टायर कधीच कुजून गेले होते. पुढच्या चाकाच्या आऱ्यांतून लार्चचं एक रोप उगवलं होतं आणि छपराच्या फटीकडे वाढत माणसाच्या दंडाएवढं जाड झालं होतं. आरे त्याच्या सालीत रुतले होते. ती गाडी कित्येक वर्षांत वीतभरही हलली नव्हती. नारियानाने तिच्या सायलेन्सरवर हात ठेवला, आणि हात तसाच ठेवून ती एजीकडे वळली.

"गरम आहे."

"ऊन लागलं असेल."

"एजी, इथे ऊन येत नाही."

एजी बाहेर आली. घराच्या दाराला काठी टेकवलेली होती, पावसाने राखाडी झालेली. तिने ती हलवली नाही. अंगणात ती माझ्याजवळ येऊन साइडकारच्या कडेवर बसली. आमच्यासमोर उतार होता आणि उताराखाली तळं असायला हवं होतं.

तळं नव्हतं. खालची बारमाही गोठलेली जमीन कुठेतरी वितळून काठ फुटला होता आणि पाणी वाहून गेलं होतं. तळाचा काळा चिखल उघडा पडला होता आणि त्याला नुकत्याच भेगा पडू लागल्या होत्या. म्हणजे हे याच उन्हाळ्यात झालं होतं.

आणि तेवढ्यात त्या रिकाम्या तळ्याकडून हाक आली.

"बाल्का."

साधा, थोडा बसलेला पुरुषी आवाज. बालागियाला 'बाल्का' म्हणणारं माणूस जगात एकच होतं. नारियानाने तोंडावर हात दाबला. एजी हलली नाही. पुन्हा हाक आली. एजीच्या बोटांनी माझ्या साइडकारची कडा घट्ट धरली होती. ती पकड मला आजही जाणवते. तिसऱ्यांदा हाक आली, तेव्हा ती उठली.

नारियानाने तिला कमरेला मिठी मारली. "जाऊ नकोस, एजी. मी पाया पडते."

"सोड. नवऱ्याशी बोलायला मला तुझी परवानगी लागते का?"

"तो नवरा आहे कशावरून?"

"तिन्ही वेळा एकाच पट्टीत हाक मारली. दुसऱ्या कुणाला एवढा धीर नाही." तिने नारियानाचे हात हळूच सोडवले, कुंपणापर्यंत गेली आणि तळ्याकडे तोंड करून उभी राहिली. मग ती बोलली, गावच्या पाणवठ्यावर बोलावं तशी.

"ऐकलं. बहिरी नाही मी. इतकी वर्षं कुठे होतास? मी इस्पितळात रक्त ओकत होते. यायला जमलं नाही. तुला कळवणार कसं? इथे ना तार, ना फोन, तू आणि तुझ्या घोड्या." तिने कुंपणावर हात टेकला. "मी राहायला आलेले नाही, मेखेले. मला ऊबदार घर लागतं, रोजच्या गोळ्या लागतात. पण तुला असा टाकून पुन्हा जाणार नाही. कुठे आहेस ते दाखव. मी म्हातारी झालेय, लपाछपी खेळायला लावू नकोस."

शेडमध्ये माझी बहीण चालू झाली. लार्च चाकात रुतलेला, टायर कुजलेले, टाकी कोरडी, आणि तरी तिचा आवाज आला. तो आवाज शेडच्या भिंतीतून बाहेर पडला. ती स्वतः जागेवरच होती. उघड्या दारातून मला दिसत होती. पण अंगणातलं उंच गवत तीन चाकांच्या रुंदीने दुभंगलं आणि दुभंगत दुभंगत उतारावरून खाली गेलं. चिखलाच्या कडेपाशी गवत थांबलं. आवाजही तिथेच विरला.

एजी त्या वाटेने निघाली. नारियानाने कुऱ्हाड घेतली, मग काय वाटलं कोण जाणे, ती खाली ठेवली आणि आत्याचा हात धरला.

मी उंचावर होते, आणि त्या शांततेत लांबचं बोलणंही मला ऐकू येत होतं. चिखलात घोडीचा सांगाडा होता. तिच्या मानेत दोर होता. दोराचं दुसरं टोक एका माणसाच्या कमरेला होतं. त्या थंडगार गाळाने बरंच काही राखलं होतं. टोपीचे कान खाली ओढलेले होते.

नारियाना रडत होती. एजी रडत नव्हती. ती वाकून काहीतरी पाहत होती.

"नारियाना, त्याच्या पायांत काय आहे?"

"बूट."

"कसले?"

"फेल्टचे. लोकरीचे, हिवाळ्यातले."

"गवत कापायच्या दिवसांत कुणी फेल्टचे बूट घालतं का?"

"नाही. तेव्हा कोण घालेल?"

"म्हणजे तळ्यावर बर्फ होता," एजी सावकाश म्हणाली. "वसंतातला, पोकळ झालेला. घोडी खाली गेली आणि हा तिला ओढायला गेला. मी यायचं म्हटलं होतं, त्या दिवसांच्या कितीतरी आधी." ती तिथेच चिखलात बसली. "तो माझी वाट बघत बसलाच नव्हता गं. मला शोधायलाही निघाला नव्हता. मी उशीर केलाच नाही."

मग मात्र तिला रडू फुटलं. ओलोमच्या त्या मुक्या कुरणावर इतक्या वर्षांनी उमटलेला माणसाच्या रडण्याचा तो पहिला आवाज असावा. बऱ्याच वेळाने नारियाना म्हणाली, "मग वाटेवर आपल्या पुढे कोण होतं?"

"वाट दाखवणाऱ्याला नाव विचारू नये," एजी म्हणाली आणि डोळे पुसून उठली.

टेकाडावर जमीन हातभरच मऊ होती, खाली सगळं गोठलेलं. नारियानाने विस्तव पेटवून जमीन विरघळवत विरघळवत खड्डा केला आणि दोघींनी मेखेलेला घोडीच्या हाडांसकट वर आणून त्यात ठेवलं. घोडीचा दोर एजीने सोडला नाही. "दोघं बरोबर जाऊ देत. एकट्याला करमायचं नाही त्याला." घरातून त्याचा कप आणला, फोडला आणि मातीवर ठेवला; आमच्यात मेलेल्याची वस्तू अखंड ठेवत नाहीत. विस्तवाला लोणी दिलं. शेवटी तिने दाराची ती काठी काढली आणि त्याच विस्तवात घातली.

काठी पेटली, आणि कुठूनतरी एक बारीक गुणगुण आली. मग दुसरी. बघता बघता डासांचा ढग दोघींभोवती उतरला. एजीने स्वतःच्या गालावर चापट मारली, हाताकडे पाहिलं आणि ती हसू लागली. नारियानाही हसली. तेवढ्यात तळ्यापलीकडे कुकू पक्षी ओरडला.

राहिली माझी वायर. नारियाना शेडकडे निघाली तशी एजीने तिला अडवलं. "मेलेल्याचं न विचारता घ्यायचं नाही." ती स्वतः शेडच्या दारात उभी राहिली. "मेखेले, तुझ्या मेव्हण्याची पोर आहे. एक क्लच वायर हवीय. बदल्यात काय पाहिजे?"

आतून काही उत्तर आलं नाही. भिंतीवर खिळ्याला मेणकापडात गुंडाळलेलं एक वेटोळं मात्र लटकत होतं. नारियानाने ते उघडलं. वायर कोरी करकरीत होती आणि तिच्यावरचं वंगण अजून ओलं होतं. नारियानाने माझा भोंगा काढला आणि माझ्या बहिणीच्या हँडलवर बसवला. तेव्हापासून मला भोंगा नाही. वळणावर नारियाना तोंडानेच ओरडते, आणि गावातली पोरं आम्हाला हसतात. हसू देत.

मी माझ्या बहिणीकडे शेवटचं पाहिलं. ती मुकी झाली होती. लार्चची कोवळी पालवी तिच्या सीटवर पडली होती. तिला तिथून काढावं असं कुणाला सुचलं नाही, आणि मलाही वाटलं नाही. परत येताना वाटेवर एकच माग होता, आमचा स्वतःचा, उलट्या दिशेने.

त्या हिवाळ्यात दुकानात एका नव्या बाईने एजीला विचारलं, नवरा काय करतो. "वारला," एजी म्हणाली आणि मीठ मागितलं. नारियानानेच घरी येऊन हे माझ्याजवळ सांगितलं, माझ्यावर फेल्टचं पांघरूण घालताना.

मित्रांनो, आता मी म्हातारी झाले. माझी किक दोनदा मारावी लागते आणि चढावर मी धापा टाकते. तुमच्याकडे माझं मागणं फार नाही. जुन्या गाडीला उन्हापावसात उघडी टाकू नका, एवढं तर मी मागणारच. पण कुणाला 'येते' म्हणून सांगून ठेवलं असेल, तर जा. कितीही उशीर झाला असला तरी जा. तिथे तुम्हाला काय भेटेल हे मी सांगू शकत नाही. मी अक्षरं वाचत नाही, माणसांची मनंही वाचत नाही. पण मी ओझं ओढणारी आहे, आणि ओझं मला कळतं. ओलोमहून परतताना साइडकारमध्ये तीच बालागिया होती, तोच तंबू होता, तीच किटली होती. तरी खिंडीचा तो उभा चढ मी एका दमात चढून आले.